इंग्रजी विशेषणांचे अध्यापन : वडोदऱ्यातील मराठी, गुजराती व उर्दू भाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात

इंग्रजी व्याकरणाच्या बहुतेक क्रमिक पुस्तकांत विशेषणाचे प्रकरण आरंभीच येते आणि दोन-तीन तासिकांत संपते. व्याख्या, प्रकार, तुलनेच्या तीन अवस्था आणि शेवटी रिकाम्या जागा भरण्याचे स्वाध्याय, असा त्याचा ठरलेला क्रम असतो. विद्यार्थी प्रकार पाठ करतो, 'गुड, बेटर, बेस्ट' एका दमात म्हणून दाखवतो आणि परीक्षेत गुणही मिळवतो. मात्र हाच विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीत 'आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन कम्प्युटर' असे म्हणतो किंवा अर्जात 'मोअर बेटर' लिहितो. समोर बसलेल्या अधिकाऱ्याला त्यावरून उमेदवाराच्या कौशल्याविषयी काहीच कळत नाही; पण मत बनते. कम्युनिटी कॉलेजात येणारा विद्यार्थी बहुधा छोटा व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण करून थेट नोकरीच्या दारात उभा राहणार असतो. इंग्रजीसाठी त्याच्या हाती फार थोडे तास असतात. ते तास विशेषणांचे प्रकार पाठ करण्यात घालवावेत की चुकांच्या मुळाशी जाण्यात, हा प्रश्न अध्यापकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी वडोदऱ्याचा वर्ग विशेष सोयीचा आहे. अठराव्या शतकापासून हे शहर गायकवाडांची राजधानी होते. त्यामुळे गुजरातीच्या जोडीने मराठी येथे स्थिरावली, आणि आजही जुन्या शहरात मराठी घरे आहेत. २०१८ साली ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले होते. मुस्लिम घरांत कोठे गुजराती, कोठे उर्दू बोलली जाते, आणि अनेक मुलांना मकतब-मदरशामुळे अरबीचा थोडाफार परिचय असतो. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यांच्याच कारकिर्दीत १९३१ साली 'श्री सयाजी शासन कल्पतरु' हा राज्यकारभाराच्या संज्ञांचा कोश प्रसिद्ध झाला. इंग्रजी संज्ञेला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द त्यात शेजारी-शेजारी ठेवले होते. एकच गोष्ट अनेक भाषांत कशी सांगितली जाते हे एका नजरेत दिसावे, ही त्या कोशामागची दृष्टी इंग्रजीच्या वर्गातही उपयोगी पडते. भिवंडी, मालेगाव किंवा औरंगाबाद परिसरातील उर्दू-मराठी वर्गांनाही पुढील विवेचन बव्हंशी लागू पडेल.

विशेषणाच्या बाबतीत विद्यार्थ्यांच्या ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांतील बहुतेक अज्ञानातून येत नाहीत. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेत एक पक्का नियम असतो आणि तो नियम तो इंग्रजीत प्रामाणिकपणे पाळत असतो. कोणता नियम, हे अध्यापकाला ठाऊक असेल तर एकाच वाक्यात चूक उलगडते. ठाऊक नसेल तर लाल शाई वाढत जाते.

विशेषण ही स्वतंत्र जात आहे काय?

मराठी शाळांतून शिकवल्या जाणाऱ्या शब्दांच्या आठ जाती इंग्रजी व्याकरणाच्या नमुन्यावर बेतलेल्या आहेत. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, आणि मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथाने त्या चर्चेला भक्कम पाया दिला. परंतु मुळात संस्कृत परंपरेत नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच पदवर्ग मानले जात. विशेषण नामातच येई. अरबी व्याकरणात तर इस्म, फेल आणि हर्फ असे तीनच वर्ग आहेत. 'कबीर' हा शब्द तेथे इस्मच आहे. तो दुसऱ्या इस्मामागे येऊन त्याचे वर्णन करू लागला की त्याला सिफत म्हणतात आणि ज्याचे वर्णन होते त्याला मौसूफ. युरोपातही लॅटिन परंपरेतील वैयाकरण 'नाउन सब्स्टॅन्टिव्ह' आणि 'नाउन ॲजेक्टिव्ह' असे नामाचेच दोन भेद करीत असत. इंग्रजीत विशेषणाचा संसार वेगळा मांडला गेला तो बराच नंतर.

हे सर्व विद्यार्थ्यांना सांगण्याचे कारण नाही. अध्यापकाने मात्र ते लक्षात ठेवावे, कारण त्यातून एक नेहमीची चूक समजते. मराठीत 'गरिबांना मदत करा' असे आपण म्हणतो, उर्दूत 'गरीबों की मदद करो'. येथे 'गरीब' हे विशेषण सरळ नाम झाले आहे आणि नामाचे अनेकवचन व विभक्तीही त्याने घेतली आहे. विद्यार्थी हाच मार्ग धरतो आणि जकातीवरील निबंधात 'हेल्प द पूअर्स' असे लिहितो. इंग्रजीत विशेषणाला नामाच्या जागी बसता येते, पण नामाचे कपडे घालता येत नाहीत. 'द पूअर', 'द नीडी', 'द ब्लाइंड' यांचा अर्थ अनेकवचनी आहे, क्रियापदही अनेकवचनी येते, मात्र शब्दाला 'एस' लागत नाही. आणि अशा वेळी 'द' हवाच. एका गरीब माणसाविषयी बोलायचे असल्यास 'अ पूअर' चालत नाही, 'अ पूअर मॅन' असेच म्हणावे लागते.

लिंग, वचन आणि 'धिस बुक्स'

आपल्या भाषांतील विशेषण नामाच्या मागे फिरते. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल. गुजरातीत सारो छोकरो, सारी छोकरी, सारुं छोकरुं. उर्दूत अच्छा लडका, अच्छी लडकी, अच्छे लडके. अरबीत हे बंधन अधिक कडक आहे. तेथे लिंग, वचन आणि विभक्ती तर जुळलीच पाहिजे, शिवाय मौसूफ निश्चित असेल तर सिफतही निश्चित हवी : 'बैतुन कबीरुन' म्हणजे कोणतेतरी एक मोठे घर, 'अल-बैतुल कबीरु' म्हणजे ते विशिष्ट मोठे घर. इंग्रजीचे विशेषण मात्र जागचे हलत नाही. 'गुड बॉय', 'गुड गर्ल', 'गुड बॉइज'.

विद्यार्थ्याला हे नवे वाटू नये यासाठी त्याच्याच भाषेतील न बदलणारी विशेषणे पुढे करावीत. लाल, सुंदर, गरीब, हुशार, साफ यांना मराठीत लिंग-वचनाची पर्वा नसते. लाल घोडा, लाल गाडी, लाल फूल. गुजराती आणि उर्दूतही 'लाल' आणि 'गरीब' असेच राहतात. इंग्रजीत सगळी विशेषणे 'लाल'सारखी आहेत, एवढे सांगितले की काम होते. (उसन्या शब्दांचीही गंमत असते. फारसीतील 'ताजा' शुद्ध उर्दूत बदलत नाही, 'ताजा खबर' असेच म्हणतात. मराठीने मात्र त्याला घरात घेतले आणि 'ताजी बातमी' केली.)

या नियमाला इंग्रजीत एकच ठळक अपवाद आहे : 'धिस' आणि 'दॅट' अनेकवचनात 'दीज' आणि 'दोज' होतात. येथे वडोदऱ्याचा वर्ग काही वेगळेच दाखवतो. मराठीत 'हे पुस्तक' आणि 'ही पुस्तके' यांत फरक होतो. गुजरातीत 'आ पुस्तक' आणि 'आ पुस्तको', दोन्हीकडे 'आ' तसाच. उर्दूतही 'यह किताब' आणि 'यह किताबें', शब्द तोच. म्हणजे 'धिस बुक्स' ही चूक गुजराती आणि उर्दू भाषक विद्यार्थ्याकडून होण्यास सबळ कारण आहे, मराठी भाषकाकडून होण्यास तितके नाही. अशा ठिकाणी मराठी विद्यार्थ्याच्या वाक्याचा आधार घेऊन इतरांना समजावता येते. एकाच वर्गात तीन भाषा असणे ही अडचण मानली जाते. येथे ती सोय ठरते.

तुलना : चुकीचे मूळ आणि हजेरीपट

विशेषणांच्या चुकांपैकी सर्वांत चिवट चुका तुलनेच्या आहेत, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

'सलीम रफीकपेक्षा उंच आहे.' या मराठी वाक्यात 'उंच' या शब्दाला काहीही झालेले नाही. तुलनेचा सगळा भार 'पेक्षा'ने उचलला आहे. गुजरातीत 'सलीम रफीक करतां ऊंचो छे' आणि उर्दूत 'सलीम रफीक से लंबा है' : दोन्हीकडे हीच रचना. विद्यार्थी 'पेक्षा'ला इंग्रजी शब्द शोधतो, त्याला 'दॅन' मिळतो, आणि वाक्य तयार होते : 'सलीम इज टॉल दॅन रफीक'. त्याच्या हिशेबाने वाक्य पूर्ण आहे. आता 'पेक्षा' काढून टाकला तर? 'सलीम जास्त उंच आहे', 'सलीम ज्यादा लंबा है', 'सलीम वधारे ऊंचो छे'. येथे 'जास्त'चे काम 'मोअर'कडे जाते आणि 'मोअर टॉल' जन्माला येते. श्रेष्ठत्व दाखवतानाही हीच तऱ्हा. 'सर्वांत उंच', 'सबसे लंबा', 'सौथी ऊंचो' यांत विशेषण मूळ रूपातच असते, म्हणून 'टॉल इन ऑल' किंवा 'टॉल फ्रॉम ऑल' असे ऐकू येते.

इंग्रजी दोन ठिकाणी खूण करते : विशेषणावर एक ('टॉलर') आणि तुलनेच्या दुसऱ्या पदाआधी एक ('दॅन'). ही दुहेरी खूण मराठी, गुजराती किंवा उर्दूत सापडत नाही. अरबीत मात्र ती तंतोतंत सापडते. 'तवील' म्हणजे उंच. 'सलीमुन अत्वलु मिन रफीकिन' म्हणजे सलीम रफीकपेक्षा उंच आहे. 'तवील'चे 'अत्वल' झाले, जसे 'टॉल'चे 'टॉलर'. आणि 'मिन' आले, जसे 'दॅन'. अरबी व्याकरणात या रूपाला इस्म-ए-तफजील म्हणतात.

याची उदाहरणे शोधायला ग्रंथालयात जाण्याची गरज नाही. ती हजेरीपटावर असतात. कबीर म्हणजे मोठा, अकबर म्हणजे अधिक मोठा किंवा सर्वांत मोठा. सगीर म्हणजे लहान, त्याचे असगर. हसनचे अहसन, करीमचे अक्रम, शरीफचे अश्रफ, अजीमचे आझम, फाजिलचे अफजल. मुलींच्या नावांतही हीच रूपे स्त्रीलिंगी होऊन आली आहेत : अकबरचे कुब्रा, असगरचे सुग्रा, आझमचे उज्मा, अहसनचे हुस्ना. तकबीरमधील 'अकबर' हा शब्द तर प्रत्येक मूल जन्मल्यापासून ऐकत असते. अध्यापकाने फळ्यावर दोन रकाने आखून एका बाजूला कबीर, सगीर, करीम, शरीफ आणि दुसऱ्या बाजूला अकबर, असगर, अक्रम, अश्रफ असे लिहावे आणि काय बदलले ते विद्यार्थ्यांना विचारावे. आरंभी 'अ' आला, स्वरांची मोड बदलली, तीन मूळ व्यंजने तीच राहिली, हे ते स्वतःच सांगतात. त्यानंतर शेजारी 'टॉल–टॉलर', 'स्मॉल–स्मॉलर' लिहिले की शब्दाच्या अंगावरच तुलना उमटवण्याची कल्पना परकी राहत नाही.

अरबीत तुलना आणि श्रेष्ठत्व यांचे रूप एकच असते. 'मिन' आले की तुलना. 'अल' लागले किंवा पुढे दुसरे नाम जोडले की श्रेष्ठत्व. इंग्रजीत 'टॉलर' आणि 'टॉलेस्ट' अशी दोन रूपे आहेत, तरीही श्रेष्ठत्वाआधी 'द' येतो याचे कारण विद्यार्थ्याला यावरून उमगते. सर्वांत मोठा एकच असतो, म्हणून तो निश्चित असतो. 'ही इज टॉलेस्ट बॉय' मधील गळलेला 'द' सुधारण्यासाठी हे स्पष्टीकरण नियमापेक्षा अधिक उपयोगी पडते.

एक सावधगिरी येथे हवी. अरबीत रंगवाचक विशेषणेही याच घाटाची असतात : अहमर म्हणजे तांबडा, अब्यद म्हणजे पांढरा, अस्वद म्हणजे काळा. 'हजर-ए-अस्वद' म्हणजे काळा दगड, अधिक काळा नव्हे. हुशार विद्यार्थी हा प्रश्न विचारतोच. रंगांचा घाट आधीच 'अफअल' असल्यामुळे त्यांची तुलना अरबी निराळा शब्द घालून करते, 'अशद्द' म्हणजे अधिक तीव्र, आणि पुढे रंगाचे नाम. अनेक लांब शब्दांच्या बाबतीत 'अक्सर' म्हणजे 'जास्त' हा शब्द वापरला जातो. इंग्रजीतील 'मोअर ब्यूटिफुल' आणि 'मोअर डिफिकल्ट' यांची सोय हीच आहे : जेथे शब्द घाटात बसत नाही, तेथे बाहेरून मदत घ्यायची. दोन्ही भाषांत एक मार्ग किंवा दुसरा; दोन्ही एकदम नाहीत. कोणता शब्द कोणत्या मार्गाने जातो हे ठरवण्यासाठी टाळ्या वाजवून अवयव मोजावेत. एका टाळीचा शब्द 'इअर' घेतो ('कोल्ड–कोल्डर'), तीन किंवा अधिक टाळ्यांचा 'मोअर'. दोन टाळ्यांच्या शब्दांत 'हॅपी', 'इझी', 'बिझी' अशी 'ई' उच्चारात संपणारी विशेषणे 'इअर' घेतात; उरलेल्यांना सामान्यतः 'मोअर' लावणे सुरक्षित.

आता 'मोअर बेटर'. ही चूक विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणाची आहे असे समजणे अन्यायाचे ठरेल. उर्दूत 'ज्यादा बेहतर' सहज बोलले जाते. 'बेह' म्हणजे चांगला, 'तर' हा तुलनेचा प्रत्यय, म्हणजे 'बेहतर'मध्ये तुलना आधीच आहे. तरी तिच्यावर 'ज्यादा' चढतो, कारण प्रत्ययाची धार बोथट झाली आहे. (इंग्रजी 'बेटर' आणि फारसी 'बेहतर' यांचे ध्वनिसाम्य हा निव्वळ योगायोग आहे, दोहोंचे मूळ वेगळे. लक्षात ठेवण्यासाठी त्याचा उपयोग करण्यास मात्र हरकत नाही.) मराठीची गोष्ट निराळी नाही. 'तर' आणि 'तम' या प्रत्ययांवरून मराठीने 'तरतमभाव' हा सुंदर शब्द घडवला, पण 'उत्तम'मधील 'तम' कोणाला जाणवतो? म्हणून 'सर्वोत्तम' आणि 'अत्युत्तम'. 'श्रेष्ठ' म्हणजे मुळातच सर्वांत चांगला, तरी 'सर्वश्रेष्ठ'. ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ यांतील 'इष्ठ' हा प्रत्यय आणि इंग्रजी 'टॉलेस्ट'मधील 'एस्ट' हे भाषाशास्त्रज्ञांच्या मते एकाच प्राचीन मुळाचे आहेत. मराठी भाषक विद्यार्थ्यासाठी हजेरीपटावरील अकबर-अश्रफच्या जागी ज्येष्ठ-कनिष्ठ ही जोडी ठेवता येते.

खुद्द इंग्रजीतही दुहेरी तुलना एकेकाळी निषिद्ध नव्हती. शेक्सपिअरच्या नाटकांत ती आढळते. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ च्या आपल्या व्याकरणात तिला अयोग्य ठरवले आणि पुढील शालेय व्याकरणांनी तो निर्णय उचलून धरला. आज प्रमाण इंग्रजीत 'मोअर बेटर' चालत नाही, हे विद्यार्थ्याला सांगितलेच पाहिजे, आणि ते ठामपणे सांगितले पाहिजे, कारण अर्ज वाचणारा लाउथच्या बाजूचा असतो. परंतु ती मूर्खपणाची खूण आहे असे सुचवू नये.

याच ओघात 'सीनियर' आणि 'ज्युनियर' येतात. हे लॅटिनचे तुलनात्मक शब्द इंग्रजीत तयार स्थितीत आले. त्यांना 'मोअर' लागत नाही आणि 'दॅन'ही चालत नाही, 'टु' लागतो : 'ही इज सीनियर टु मी'. 'सुपीरियर', 'इन्फीरियर' आणि 'प्रायर' यांचेही तसेच. आपल्याकडे 'सीनियर सिटिझन'ला 'ज्येष्ठ नागरिक' म्हणतात. एका भाषेतील अधिकदर्शक शब्दाला दुसरीतील श्रेष्ठतादर्शक शब्द दिला गेला आणि कोणालाही खटकले नाही, कारण दोन्हीकडे मूळ अर्थ केव्हाच झिजला होता.

'वन ऑफ द' नंतर श्रेष्ठत्वाचे रूप आले की नाम अनेकवचनी हवे, 'वन ऑफ द बेस्ट टीचर्स'. 'सर्वांत चांगल्या शिक्षकांपैकी एक' हे मराठी वाक्य मोठ्याने म्हणवून घेतले की पुरते.

जालीम आणि मजलूम

आरंभी उल्लेखिलेले 'आय ॲम इंटरेस्टिंग' हे वाक्य हास्यास्पद ठरते, कारण त्याचा अर्थ 'मी मोठा मनोरंजक माणूस आहे' असा होतो. मराठीत 'मला कंटाळा आला' किंवा 'मला आवड आहे' अशी रचना असते. कंटाळा व आवड ही नामे, आणि माणूस 'मला' या रूपात. 'बोअर' हा शब्द मराठी-गुजराती-उर्दू तिघींनीही उचलला, पण 'मी बोअर झालो' आणि 'लेक्चर बोअर होते' असा तो दोन्ही अर्थांनी वापरला. त्यामुळे 'बोअरिंग' आणि 'बोअर्ड' यांत फरक का करावा, हेच विद्यार्थ्याला कळत नाही.

उर्दू भाषक विद्यार्थ्याकडे याची चावी आहे. इस्म-ए-फाइल म्हणजे करणारा, इस्म-ए-मफऊल म्हणजे ज्याच्यावर क्रिया होते तो. जालीम जुलूम करतो, मजलूम तो सोसतो. खादिम आणि मखदूम, हाकिम आणि महकूम, आशिक आणि माशूक या जोड्या त्याला तोंडपाठ असतात. 'बोअरिंग' तो जालीम, 'बोअर्ड' तो मजलूम; लेक्चर जालीम, विद्यार्थी मजलूम. हे सांगितल्यावर वर्ग हसतो आणि सहसा विसरत नाही. 'टायरिंग जर्नी' आणि 'टायर्ड पॅसेंजर', 'शॉकिंग न्यूज' आणि 'शॉक्ड फॅमिली', अशा जोड्या विद्यार्थ्यांकडूनच पुढे काढून घ्याव्यात. मराठी भाषकासाठी 'थकवणारा' आणि 'थकलेला' ही जोडी तितकीच कामाची आहे.

अकर्मक क्रियापदांपाशी जालीम-मजलूम थकतात, तेथे मात्र मराठीचे '-णारा' आणि '-लेला' अधिक उपयोगी ठरतात. 'बॉइलिंग वॉटर' म्हणजे उकळणारे पाणी, 'बॉइल्ड वॉटर' म्हणजे उकळलेले. येथे कोणी कोणावर जुलूम करीत नाही. एक क्रिया चालू आहे, दुसरी झालेली आहे. रुग्णसेवेचा अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक व्याकरणाबाहेरही कळलेला बरा, कारण एक पाणी रुग्णाला प्यायला द्यायचे असते आणि दुसरे हात भाजते.

जागा आणि क्रम

इंग्रजी विशेषण नामाआधी येते आणि आपल्या भाषांतही तसेच, त्यामुळे येथे अडचण कमी. फारसी इजाफतीत क्रम उलट असतो : वजीर-ए-आझम, मुघल-ए-आझम. इंग्रजीतही फ्रेंचमार्गे आलेल्या काही पदव्या अशा उलट्या आहेत : 'ॲटर्नी जनरल', 'सेक्रेटरी जनरल', आणि न्यायालयाबाहेर पाटीवर दिसणारे 'नोटरी पब्लिक'. यांचे अनेकवचन करताना 'एस' नामाला लागतो, 'नोटरीज पब्लिक', हे सांगून पुढे जावे.

'अफ्रेड', 'अस्लीप', 'अलाइव्ह', 'अलोन' ही काही विशेषणे नामाआधी येतच नाहीत. 'झोपलेले मूल' हे 'ॲन अस्लीप चाइल्ड' होत नाही, 'अ स्लीपिंग चाइल्ड' होते. यांची यादी छोटी आहे आणि ती पाठ करून घेणे हाच सोपा उपाय.

अनेक विशेषणे एकत्र आली तर इंग्रजीत त्यांची रांग ठरलेली असते : मत, आकारमान, वय, घाट, रंग, मूळ ठिकाण, पदार्थ, उपयोग. शिवणकामाच्या वर्गात 'अ लाँग ब्लू कॉटन कुर्ता' म्हणतात, 'अ कॉटन ब्लू लाँग कुर्ता' नव्हे. आठ पायऱ्या पाठ करण्यापेक्षा एकच खूण पुरते. जे वस्तूपासून वेगळे करता येत नाही ते नामाला चिकटून. जे बोलणाऱ्याचे मत आहे ते सर्वांत लांब. कुर्त्याचा सुती कपडा बदलता येत नाही, 'नाइस' हे मात्र ज्याचे त्याचे मत. 'गरम गरम चहा' आणि 'छोटे छोटे बच्चे' यांतील द्विरुक्तीला इंग्रजीत जागा नाही. मित्रांशी बोलताना 'हॉट हॉट टी' म्हटले तर काही बिघडत नाही. अर्जात ते नको.

वही तपासताना आणि जाहिरात वाचताना

वही तपासताना विशेषणाच्या चुकीखाली नुसती रेघ मारण्याऐवजी विद्यार्थ्याला ते वाक्य समासात स्वतःच्या भाषेत लिहावयास सांगावे. 'टॉल दॅन' शेजारी 'से लंबा' किंवा 'करतां ऊंचो' आले की चुकीचे मूळ विद्यार्थ्याला आणि अध्यापकाला एकाच वेळी दिसते. ज्या अध्यापकांना गुजराती किंवा उर्दू लिपी वाचता येत नाही, त्यांनी वाक्य म्हणवून घ्यावे.

सरावासाठी वर्तमानपत्रातील इंग्रजी छोट्या जाहिराती अतिशय उपयुक्त आहेत. त्यांत क्रियापदे जवळजवळ नसतात, विशेषणे मात्र भरपूर असतात : 'एक्सपीरियन्स्ड', 'ट्रेन्ड', 'क्वालिफाइड', 'रिटायर्ड', 'फर्निश्ड'. यांतील बहुतेक 'डी'कारान्त, म्हणजे 'मजलूम' किंवा '-लेला' गटातील आहेत. उच्चारात शेवटचा 'ड' किंवा 'ट' ऐकू येत नाही, म्हणून विद्यार्थी 'एक्सपीरियन्स कॅन्डिडेट' आणि 'ट्रेन नर्स' असे लिहितात. (इंग्रजांनीही हे केले आहे, 'आइस क्रीम' हे पूर्वी 'आइस्ड क्रीम' होते.) दहा जाहिराती कापून आणाव्यात, प्रत्येकीतील विशेषणे अधोरेखित करून त्यांचे मराठी, गुजराती व उर्दू प्रतिशब्द त्याच ओळीत लिहून घ्यावेत, आणि त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याकडून चाळीस शब्दांची एक जाहिरात लिहून घ्यावी, जिच्यातील उमेदवार तो स्वतः असेल.